ज्येष्ठांसाठी नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल तर: सोलापूरच्या एका स्टाफ नर्सला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांगा. तुम्ही २७ वर्षांच्या आहात, बी.एस्सी. नर्सिंग झालंय, आणि सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात चार वर्षं मेडिसिन वॉर्डला आहात. घरी आजी आहे. तिने जन्मभर विड्या वळल्या, आता तिच्या गोळ्या आणि दवाखाने तुम्हीच बघता. तुम्हाला प्रौढ आणि वयस्कर माणसांना पहिल्या पायरीवरच तपासणारी, उपचार ठरवणारी नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. इथे एम.एस्सी. करावी की अमेरिकेत मास्टर्स, असं तुम्ही विचारलंय. ‘एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) केलं की स्वतःचा दवाखाना टाकता येतो’ असं परदेशी पाठवणारा एजंट म्हणाला, ते खरं का, हेही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिलीत: ‘मला जमेल का, माहीत नाही.’

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हे काम शिकायचं कुठे, शिकल्यावर ते करायचा कायदेशीर अधिकार कुठे मिळतो, आणि आयुष्य कुठे काढायचं. एजंट तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून देतो, म्हणून घेणाऱ्याला वाटतं की फी भरली की तिन्ही सुटले. तसं होत नाही. ते सुटे करून बघू.

मी कोण, तेही सांगायला हवं, कारण माझं मत माझ्या वाटेवरून बनलंय. मी ५४ वर्षांची. सोलापुरातच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आठ वर्षं वॉर्डात काढली, पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं आणि तेहेतिसाव्या वर्षी अमेरिकेत गेले. तिथे आधी रजिस्टर्ड नर्स, मग नोकरी सांभाळत मास्टर्स, आणि त्यानंतर दहा वर्षं एका प्राथमिक दवाखान्यात प्रौढ आणि ज्येष्ठांची नर्स प्रॅक्टिशनर. चार वर्षांपूर्वी आई-वडिलांसाठी परत आले. आता एका फिजिशियन डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्याबरोबर बसते. इथे मी प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, कारण तो अधिकार मला इथे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावर येणार आहे.

आधी शिक्षणाचं. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी मिळून ती उभी केली, आणि सुरुवात लहान मुलांपासून झाली. पुढे शाखा फुटत गेल्या. एकेकाळी ‘प्रौढ’ आणि ‘ज्येष्ठ’ या दोन वेगळ्या शाखा होत्या. २००८ मध्ये तिथल्या नर्सिंग संघटनांनी आणि नियामक मंडळांनी मिळून जो आराखडा केला, त्यात त्या एक केल्या. आता किशोरवयापासून ते अगदी शंभरीपर्यंतचा माणूस एकाच शाखेत येतो. मला हे योग्य वाटतं. मोठ्या माणसांना तपासणाऱ्या प्रत्येकीसमोर म्हातारी माणसं येणारच, आणि सत्तरीत दिसणारं दुखणं बरेचदा पंचेचाळिशीत सुरू झालेलं असतं.

या शाखेचे परत दोन भाग आहेत, प्रायमरी केअर आणि अक्यूट केअर. तुम्ही वॉर्डातून येताय म्हणून मुद्दाम सांगते. अक्यूटवाल्या अस्थिर, अंगावर आलेल्या आजारात काम करतात. प्रायमरीवाल्या वर्षानुवर्षं तोच माणूस, त्याची शुगर, त्याचे गुडघे, त्याचं एकटेपण बघतात. शिक्षण वेगळं, प्रमाणपत्राची परीक्षाही वेगळी. वॉर्डाची सवय असल्यामुळे बऱ्याच जणी अक्यूट सोपं जाईल म्हणून तिकडे वळतात. तुमच्या पत्रात आजी चार वेळा आलीय आणि आयसीयू एकदाही नाही, म्हणून मी तुम्हाला प्रायमरीतच धरते.

वर्गात शिकवतात त्याचा कणा तीन विषयांचा. पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं ते), शारीरिक तपासणी आणि फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र), तिन्ही आपल्या बी.एस्सी.पेक्षा बऱ्याच खोलवर. कष्ट घेतले की ते येतं. आपल्याकडच्या मुलींना पाठांतराची आणि परीक्षेची सवय असते, तिथे त्या मागे पडत नाहीत. खरं शिक्षण क्लिनिकलच्या तासांत होतं. आधी किमान ५०० तास थेट रुग्णांबरोबर असा दंडक होता, २०२२ च्या नव्या निकषांत तो ७५० झाला. हे तास तुम्ही एखाद्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरांच्या शेजारी बसून काढता. त्यांना प्रिसेप्टर म्हणतात. माझ्या मते सगळा अभ्यासक्रम या एका खुर्चीभोवती आहे, म्हणून तिथे काय घडतं ते जवळून सांगते.

माझा पहिलाच आठवडा होता. ७९ वर्षांचे एक आजोबा आले, चार महिन्यांत सात किलो वजन उतरलेलं. मी त्यांना तपासलं आणि बाहेर येऊन प्रिसेप्टर बाईंना सगळं सांगितलं. बीपी, नाडी, ऑक्सिजन, वजन, पायाची सूज, औषधांची यादी डोससकट. रात्रपाळीचा हँडओव्हर द्यावा तसं, एक गोष्ट न गाळता. मला वाटलं, शाबासकी मिळणार. बाई म्हणाल्या, ‘छान. मग तुला काय वाटतं, काय झालंय त्यांना?’ मी म्हटलं, ‘ते डॉक्टर ठरवतील ना.’ बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. त्या होत्या आणि मी होते.

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, तीन उत्तरं दे. सगळ्यात शक्य काय आहे, सगळ्यात घातक काय आहे, आणि सहज सुधारता येईल असं काय आहे. मी घातकात कॅन्सर सांगितला, शक्यमध्ये शुगर आणि थायरॉइड. तिसऱ्याला अडकले. बाई मला परत आत घेऊन गेल्या आणि आजोबांना विचारलं, ‘काल रात्री काय जेवलात?’ चहा आणि टोस्ट. परवा? चहा आणि टोस्ट. पाच महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली होती. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, आणि कवळी सैल झाल्यामुळे चावता येत नव्हतं. तपासण्या आम्ही तरीही सगळ्या केल्या, त्या करायलाच हव्या होत्या. पण वजन परत आलं ते कवळी दुरुस्त झाल्यावर, घरपोच जेवण लावल्यावर आणि त्यांच्या मनावरचं सावट ओळखून त्यावर उपचार सुरू केल्यावर.

हा जो बदल आहे, जे दिसलं ते नीट सांगण्यापासून ‘मला असं वाटतं आणि म्हणून मी हे करणार’ इथपर्यंतचा, त्यालाच मी नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण म्हणते. वॉर्डात आपल्याला उलट घडवलेलं असतं. ऑर्डर आली की अचूक पार पाडायची, शंका आली की कळवायची. ते चूक नाही, वॉर्ड त्यावरच चालतो. पण तिथल्या दहा वर्षांच्या अनुभवाने ठरवायची सवय आपोआप लागत नाही. कुणीतरी शेजारी बसून रोज, प्रत्येक रुग्णामागे ‘मग तू काय करणार?’ असं विचारावं लागतं, आणि चुकलात तर रुग्णाला धक्का लागायच्या आत थांबवावं लागतं. अभ्यासक्रम निवडताना म्हणूनच माझा पहिला प्रश्न असतो की कुणाच्या शेजारी बसायला मिळणार आणि किती तास. कॉलेजचं नाव, रँकिंग, इमारत हे नंतर.

आता हेच सोलापुरात कसं दिसतं ते बघा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मे महिना, सकाळचे साडेअकरा. बाहेर ऊन चाळिशीच्या वर. अडुसष्ट वर्षांच्या एक बाई सुनेबरोबर आल्या. तेलुगू घरातल्या, पन्नास वर्षं विड्या वळतात, अजूनही वळतात. म्हणाल्या, ‘डोकं गरगरायलंय, दोनदा पडले.’ सून म्हणाली, शुगर वाढली असेल. बसवून बीपी घेतलं तर ११८/७०. शुगर ७६. कुठलीही स्टाफ नर्स हे आकडे केसपेपरवर लिहील, नॉर्मल म्हणेल आणि डॉक्टरांकडे पाठवेल. वॉर्डात असताना मीही तेच केलं असतं.

मी त्यांना उभं केलं आणि परत बीपी घेतलं. ९२/६०, नाडी ८४ वरून १०८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद घ्यायची गोष्ट असते, आणि नाडी एवढी पळत असेल तर आधी शरीरातलं पाणी कमी झालंय असं धरायचं. मग मी गोळ्यांची पिशवी मागितली. यादी नाही, पिशवी. पिशवीत तेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, म्हणजे बीपीच्या औषधात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. शुगरची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आणि तळाला कागदाच्या पुडीत मेडिकलमधून सुट्या घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी, दिवसाला दोन. त्या कुठल्याच केसपेपरवर नव्हत्या.

आता बांधा हे सगळं एकत्र. ऊन, लघवी वाढवणारी गोळी, मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहावर परिणाम करणारं बीपीचं औषध आणि त्यावर डायक्लोफिनॅक. ही तिन्ही औषधं एकत्र आली आणि उन्हाने माणूस कोरडा पडला की म्हाताऱ्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. मी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? त्या हसल्या. मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसलं की उठायचं नसतं, हजार विड्यांचा हिशोब पुरा व्हायला हवा, आणि संडास लांब आहे, म्हणून पाणी कमीच. जेवण? उन्हाळ्यात भूक नाही, अर्धी भाकरी. म्हणजे शुगरची गोळी पूर्ण आणि पोटात अर्धं. ७६ हा आकडा त्या माणसासाठी नॉर्मल नव्हता, घसरणीवरचा होता.

मी फिजिशियन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ‘पाणी कमी पडलंय, मूत्रपिंडाला मार बसलाय असं वाटतं. डायक्लोफिनॅक बंद करावं, बीपीची ही गोळी आणि ग्लिमेपिराइड आज थांबवावं, मेटफॉर्मिनचं क्रिएटिनिन आल्यावर ठरवावं, सोडियम-पोटॅशियमही बघावं.’ त्यांनी स्वतः तपासलं आणि तसं लिहिलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९ आलं, म्हणजे वाढलेलं, आणि सोडियम १२८, म्हणजे उतरलेलं. म्हणून त्यांना दोन दिवस दाखल करून घेतलं. पुढच्या दहा दिवसांत क्रिएटिनिन १.१ वर उतरलं, गरगरणं गेलं. गुडघ्यांना पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिला. बीपीचं औषध नंतर कमी डोसात, लघवीचं औषध वगळून परत सुरू झालं.

याच बाई माझ्या अमेरिकेतल्या दवाखान्यात आल्या असत्या तर तपासणं, तपासण्या सांगणं, औषध थांबवणं आणि नवीन लिहिणं हे सगळं मी माझ्या सहीने केलं असतं. इथे सही डॉक्टरांची, आणि ती तशीच असायला हवी, कारण इथला कायदा तसा आहे. विचार मात्र दोन्हीकडे तोच. तो विचार तुम्ही कुठेही शिकू शकता. सहीचा अधिकार कुठे मिळतो ते देशावर अवलंबून आहे. एजंट हा फरक तुम्हाला सांगत नाही.

तर भारतात आज काय आहे? ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या नावाने इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे, तो आयसीयूसाठी. मिडवाइफरीचा आहे, तो बाळंतपणासाठी. दोन्ही चांगले आहेत, पण तुमच्या आजीच्या वाटेवर नाहीत. नावात नर्स प्रॅक्टिशनर आहे म्हणून घेऊ नका.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांची असते. त्यात मेडिकल सर्जिकल किंवा कम्युनिटी हेल्थ घेतलं तर शिकवण्याची, सुपरवायझरची वाट उघडते. पगार, पद, प्रतिष्ठा या दृष्टीने ती पक्की वाट आहे. पण बहुतेक ठिकाणी त्यात शिकवणं, प्रबंध आणि व्यवस्थापन जास्त, आणि ‘मग तू काय करणार?’ असं विचारणारी खुर्ची कमी. कॉलेजागणिक फरक पडतो हे खरं. प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा की आठवड्यात किती वेळ रुग्णाजवळ जातो आणि तिथे तिच्याबरोबर कोण असतं. जेरिअॅट्रिक, म्हणजे ज्येष्ठांच्या, नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे. लोक त्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण त्याने पद वाढत नाही. ज्येष्ठांचं काम खरोखर करायचं असेल तर तो मला एम.एस्सी.इतकाच मोलाचा वाटतो.

आणि एक वाट आहे जिच्याकडे शहरातल्या मुली बघतच नाहीत: समुदाय आरोग्य अधिकारी, सीएचओ. २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आधी आरोग्यवर्धिनी केंद्रांत झालं, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे तिशीच्या पुढच्या माणसांचं बीपी, शुगर, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी, डॉक्टरांनी ठरवलेली औषधं चालू ठेवणं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं, घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांकडे जाणं, हे सगळं सीएचओने करायचं असतं. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम लागतो, अलीकडच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात तो भाग आतच घातलाय. तुमची बॅच कुठली त्यावर ते अवलंबून, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे नीट चौकशी करा. नोकरी कंत्राटी आहे, कागदपत्रं आणि ऑनलाइन नोंदी डोक्यावर बसतात, औषधं वेळेवर येत नाहीत अशी तक्रारही ऐकते. तरीही भारतात आज नर्सला प्रौढ आणि ज्येष्ठांचं प्राथमिक काम सर्वांत जवळून करता येतं ते इथेच. दक्षिण सोलापुरातल्या किंवा मोहोळकडच्या एखाद्या उपकेंद्रावर दोन वर्षं काढलेली मुलगी पुढे कुठेही गेली तरी तिच्याकडे सांगायला खरी माणसं असतात.

आता अमेरिका. ती वाट खरी आहे, पण लांब आहे, आणि पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी तुमच्या इथल्या शिक्षणाची आणि नोंदणीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स-आरएन, म्हणजे तिथल्या रजिस्टर्ड नर्सच्या (आरएन) परवान्याची परीक्षा. तिथल्या राज्याचं आरएन लायसन्स हातात असल्याशिवाय बहुतेक एनपी अभ्यासक्रम घेतच नाहीत. मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा, मग राज्याचं एनपी लायसन्स. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डवर जायचं तर भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे. स्टुडंट व्हिसावर जायचं तर पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चालत नाही, आणि अनेक एनपी अभ्यासक्रम आता ऑनलाइनच आहेत. ‘ऑनलाइन मास्टर्स करून देतो’ असं एजंट म्हणत असेल तर त्याला दोनच प्रश्न विचारा: माझा व्हिसा कुठला असेल, आणि माझे साडेसातशे तास कुठे, कुणाबरोबर होतील? बरीच कॉलेजं प्रिसेप्टर शोधण्याचं काम विद्यार्थिनीवर टाकतात. नव्या देशात, ओळख नसताना, त्या एका गोष्टीपायी मुलींचे सहा-सहा महिने वाया गेलेले मी बघितले आहेत.

स्वतःच्या दवाखान्याचं विचारलंत. निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरांच्या कराराशिवाय पूर्ण अधिकाराने काम करता येतं, काहींत आधी ठरावीक काळ देखरेखीखाली काढावा लागतो. टेक्ससमध्ये मात्र औषध लिहायचं तर डॉक्टरांशी करार लागतोच. म्हणजे एजंटचं वाक्य काही राज्यांसाठी खरं आणि काहींसाठी अर्धवट. सोलापुरात परत येऊन तसा दवाखाना टाकता येईल का, असा त्याचा अर्थ तुम्ही घेतला असेल, तर आजच्या कायद्यात नाही. अमेरिकेचं प्रमाणपत्र इथे भिंतीवर लावता येतं, त्याच्या जोरावर औषध लिहिता येत नाही. हे मी कडवटपणे लिहीत नाही, मला हे परत येताना माहीत होतं. पण तुम्हाला ते कर्ज काढण्याआधी माहीत असायला हवं.

मग मी तुमच्या जागी असते तर? घरी आजी आहे, आई-वडिलांचं काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, लग्नाचं लिहिलं नाहीत, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. पण उत्तर त्यावरच फिरतं. पुढची दहा-बारा वर्षं घरापासून लांब राहता येणार असेल आणि कर्जाचा भार झेपणार असेल, तर एनक्लेक्सची तयारी आताच सुरू करा, सत्ताविशी हे चांगलं वय आहे. सोलापूर सोडायचं नसेल तर आधी सीएचओ किंवा जेरिअॅट्रिकचा डिप्लोमा, आणि दोन-तीन वर्षांनी कम्युनिटी हेल्थची एम.एस्सी. दोन्हीच्या मधे लोंबकळत, दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहणं मात्र करू नका. माझ्या दोन बॅचमेटनी तसं केलं आणि त्या आजही हळहळतात.

‘जमेल का’ याचं उत्तर देताना मला माझी एक रात्र सांगायलाच हवी. वॉर्डात मी तिसऱ्या वर्षाला होते. एक आजोबा रात्री दोन वाजता बिथरले, सलाइन ओढत होते, शिव्या देत होते, खाटेवरून उतरायला बघत होते. दिवसा ते शांत होते. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, ‘पेशंट इरिटेबल आहे’ म्हटलं, त्यांनी झोपेचं इंजेक्शन सांगितलं, मी दिलं. सकाळच्या सिस्टरने पांघरूण बदलताना पोटावर हात ठेवला. लघवी तुंबली होती. कॅथेटर घातल्यावर लिटरभर निघाली. आजोबा रात्रभर तेच सांगत होते आणि आम्ही त्यांना झोपवलं होतं. म्हातारा माणूस अचानक बदलला तर ते वय नसतं, काहीतरी झालेलं असतं: लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, नवीन औषध, दुखणं, शौचाला न होणं. हे मला नंतर वर्गात शिकवलं, पण मला ते कळलं त्या सकाळी. ती सल अजून आहे. अशी एखादी सल तुमच्याकडेही असणार, नाहीतर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. ज्या मुलीला ती टोचते तिला हे काम जमतं, असा माझा अनुभव आहे.

आणि कुठलाही प्रवेश न घेता तुम्ही उद्याच्या ड्युटीपासून सुरू करू शकता. साठीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाला उभं करूनही बीपी घ्या, निदान चक्कर किंवा पडण्याची तक्रार असेल तेव्हा तरी. नातेवाइकांना गोळ्यांची पिशवी आणायला सांगा आणि मेडिकलमधून सुटं काय घेता ते वेगळं विचारा. मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या तंबाखूचं विचारा, बायका आपणहून सांगत नाहीत. खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवून परत बसवा आणि घड्याळ लावा. बारा सेकंदांच्या वर गेलं तर ते माणूस पडू शकतं असं धरा. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारा, घड्याळाचं चित्र काढायला लावा. अक्षरओळख नसलेल्या आजींना घड्याळ काढता येत नाही, तिथे ती चाचणी बाजूला ठेवा आणि घरच्यांना विचारा की भाजीत मीठ दोनदा पडतं का, बाजारातून परतताना वाट चुकते का. तेलुगू आणि कन्नड येत नसेल तर रोजच्या वापरातली पन्नास वाक्यं शिका. ‘कुठे दुखतं’ हे त्यांच्या भाषेत विचारलं की म्हातारी माणसं वेगळंच सांगतात.

एक वही करा. रोज एकच रुग्ण. डाव्या पानावर तुम्ही काय बघितलं, उजव्या पानावर तीन ओळी: सर्वांत शक्य काय, सर्वांत घातक काय, सहज सुधारण्याजोगं काय. राउंडच्या आधी लिहा, राउंडनंतर डॉक्टरांनी काय ठरवलं ते खाली लिहा. तुमच्या वॉर्डात शिकवायची आवड असलेले एक तरी डॉक्टर असतील. त्यांना सांगा की माझी वही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बघाल का. पहिले दोन महिने उजवं पान बहुतेक चुकेल, माझंही चुकत होतं. औषध बदलायचा निर्णय त्यांचाच, वही फक्त तुमच्या विचाराची.

आजीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. तिची पिशवी आज रात्री रिकामी करून बघा आणि डावं-उजवं पान भरा. परत लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: तुमची बी.एस्सी. कुठल्या वर्षी झाली, घरच्यांशी परदेशाबद्दल बोलणं झालंय का, आणि आजीचं उभं राहून बीपी किती आलं.